खाकी कव्हरातलं पुस्तक

सरांनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. खिशातला रुमाल काढला. पुस्तक पुढून पुसलं, मागून पुसलं. मग कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

माझे हात स्वच्छ होते. नुकतीच फरशी पुसून मी ते साबणानं धुतले होते. सरांना ते माहीत होतं, कारण फरशी त्यांच्याच क्लासची होती.

"हे पुढचं प्रोग्रॅमिंग आहे," सर म्हणाले. "तुझ्या कामाचं नाही. तुझी बोटं चांगली चालतात, तू टायपिंग कर. तुमच्या लोकांचं तेवढ्यात भागतं."

बाकावर पोरं बसली होती. एक हसला. मग सगळे हसले.

मी पण हसलो.

सरांचं बोलणं मी पुढं कितीतरी वेळा मनात परतवून लावलं. पण माझं ते हसणं मला परतवता आलं नाही. बाजारात मी भांडखोर म्हणून ओळखला जायचो. स्टेशनसमोर पोतं अंथरून जुनी पुस्तकं विकायचो. गाईडं, पाठ्यपुस्तकं, शब्दकोश. रद्दीवाल्याशी भांडून घ्यायचो, गिऱ्हाइकाशी भांडून विकायचो. कुणी अरेतुरे केलं तर तराजू उचलून उभा राहायचो. असा मी, सरांच्या त्या थंड खोलीत माझी जीभ टाळूला चिकटायची.

ह्याचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल.

वालूरच्या पुढं आमचं गाव होतं. मी लहान होतो. विद्यापीठाला नाव द्यायचं ठरलं, तो पावसाळा. आम्हाला वस्तीत नीट कळलंही नव्हतं काय ठरलं ते. दिवस मावळायच्या आत गावातून माणसं आली. मायनं मला आणि बहिणीला धरून रानात पळवलं. ज्वारी अजून कमरेला आली नव्हती. उभं राहिलं असतं तर दिसलो असतो. म्हणून माय म्हणाली, निजा. आम्ही ओल्या मातीला तोंड लावून पडलो. मायचा हात माझ्या मानेवर होता, तो मला खाली दाबत होता. वस्तीकडून वास यायला लागला. गवताचा, मग चिंध्यांचा, मग धान्याचा. माझ्या तोंडात माती गेली होती. मी ती थुंकली नाही. थुंकलो तर आवाज होईल.

तिथून आम्ही मामाकडं, परभणीजवळच्या पिंगळीला आलो. परत गेलो नाही.

तेव्हापासून चार माणसं माझ्याभोवती गोळा झाली, आवाज चढला, की माझ्या तोंडात मातीची चव येते. अजूनही येते. मी दाखवत नाही एवढंच.

सरांचा क्लास त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत होता. परभणीत तेव्हा कॉम्प्युटर बघायला माणसं लांबून यायची. खिडकीत गार हवेची पेटी बसवलेली. चपला बाहेर काढायच्या. मशीनवर काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, भरतकाम केलेलं झाकण घातलेलं असायचं. ते सर स्वतः उचलायचे. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली की सगळे गप्प व्हायचे.

फी भरायची माझी ताकद नव्हती. पण सौदा करायची होती. मी सरांना म्हणालो, सकाळी क्लास झाडून-पुसून देतो, कॉलेजमधून पोरं आणून देतो, मला रोज एक तास मशीनवर बसू द्या. सरांना परवडलं. मलाही परवडलं असं मी समजलो. माय मात्र घरी तोंड फिरवून बसली.

"झाडू सोडायला आपल्या लोकान्ला किती पिढ्या लागल्या," ती म्हणाली, "आन् तू आपल्या हातानं जाऊन उचललास."

मी तिच्यावर ओरडलो. ती खरं बोलत होती म्हणून ओरडलो.

क्लासात काचेचं एक कपाट होतं. त्यात सरांची पुस्तकं. सगळ्यांना खाकी कव्हर. कव्हरावर नाव नाही. आतलं नावाचं पानसुद्धा सरांनी डिंक लावून कव्हराला चिकटवून टाकलेलं. त्या पुस्तकांतून सर वही लिहून द्यायचे, आणि त्याच वह्या झेरॉक्स करून पोरांना विकायचे. पुस्तकाचं नाव कळलं असतं तर पोरांनी पुस्तकच आणलं असतं. म्हणून नाव कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर सर म्हणायचे, वेळ आली की सांगेन.

इकडं आमच्या लोकांनी एका नावासाठी घरं जाळून घेतली, डोकी फोडून घेतली, तुरुंगात गेले. आणि इथं हा माणूस डिंकानं नावं पुसत बसलेला. तेव्हा मला हे असं सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त एवढं कळत होतं की ज्याला नाव माहीत, तो मालक.

त्या दिवशी कपाट उघडं राहिलं होतं. मी त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक उचलून मधोमध उघडलं. पानावर चौकोन काढले होते. प्रत्येक चौकोनातून बाण निघून पुढच्या चौकोनात गेलेला. खाली लिहिलं होतं त्यातलं तोडकंमोडकं समजलं. प्रत्येक चौकोनात थोडी माहिती असते, आणि पुढच्या चौकोनाचा पत्ता असतो. बास. सगळी साखळी कुणालाच माहीत नसते. जो तो फक्त पुढच्याचा पत्ता धरून असतो. मधला एक पत्ता पुसला की पुढचे सगळे हरवतात.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. वस्ती जळाली तेव्हा आमचे अर्धे नातेवाईक असेच हरवले होते.

पानावरून माझी नजर हलेना. तेवढ्यात सर आले आणि त्यांनी रुमाल काढला.

दुसऱ्या दिवशी मी निर्लज्जासारखं परत विचारलं. सर, मला पुढचं शिकायचं असलं तर कोणतं पुस्तक घेऊ? सरांनी बाजारातल्या एका गाईडचं नाव सांगितलं. झटपट शिका, हमखास पास व्हा, अशातलं. मी ते घेतलं. ते घेताना मी माझा धंदाच विसरलो. पुस्तक विकणारा माणूस, आणि उघडून न बघता घेतलं, कारण सरांनी सांगितलं होतं.

त्यातला प्रोग्राम मी अक्षर न् अक्षर टाइप करायचो. मशीन तो घ्यायचं नाही. पडद्यावर चुकांची रांग लागायची. मी परत टाइप करायचो. मला वाटायचं आपलंच डोकं कमी पडतं. हेच वाटावं असं आमच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलं गेलं होतं. पुढं कळलं, त्या गाईडात छापणारानं खुणा गाळल्या होत्या, अर्धे प्रोग्राम मधूनच तोडले होते, आणि हे असं का, ते तसं का, ह्याचं उत्तर कुठंच नव्हतं. वाईट पुस्तक शिकवत तर नाहीच, वरून वाचणाऱ्याला मूर्ख ठरवून जातं.

त्याच सुमारास गावातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकानं मशीन घेतलं. त्याला प्रोग्राम लिहिणारा माणूस हवा होता. नुसता टाइप करणारा नको. दिवाळीनंतर तो परीक्षा घेणार होता, मशीनसमोर बसवून. सरांचा भाचा त्यासाठी येऊन राहिला होता. मलाही बसायचं होतं. मी हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायची भीती वाटली.

मग खंडेनवमी आली.

क्लासात पूजा होती. मशीनला हार, कीबोर्डवर फुलं. पुस्तकं पाटावर मांडायची होती. मी सकाळी फरशी पुसली, दारात तोरण बांधलं. मग सर माझ्याजवळ आले आणि हळू, अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आज तू बाहेर थांब. तुमच्यात हे चालत नाही ना?"

पूजा मी करणारच नव्हतो. दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीत वंदना होती, मायनं माझा पांढरा सदरा धुऊन ठेवला होता. पण मी करत नाही ते वेगळं, आणि मला उठवून बाहेर घालवणं वेगळं. मी चपलांच्या ढिगाशेजारी पायरीवर बसलो.

काकू पुस्तकं पाटावर मांडत होत्या. त्या बाईला क्लासातलं काही कळत नसे. त्यांनी एक पुस्तक हातात घेतलं, कव्हराकडं पाहिलं आणि नाक मुरडलं. कव्हरं मळली होती, एकाला उंदरानं कुरतडलं होतं. देवापुढं असलं मळकट कसं ठेवायचं, असं पुटपुटत त्यांनी सगळी कव्हरं टराटरा काढली. सर आत सोवळं नेसत होते.

पाटावर पुस्तकं उघडी पडली. नावं वर.

मी पायरीवरून वाचली. उलटी वाचली. माझ्या धंद्यात पुस्तकं कायम उलटीच वाचावी लागतात, गिऱ्हाईक समोर उभं असतं. वाचतोय हे कळलं तर? मी मान खाली घालून, डोळे तेवढे वर करून वाचत राहिलो. कुणी बघितलं असतं तर त्याला मी नमस्कार करायलोय असं वाटलं असतं.

आणखी एक पाहिलं. बाकीच्या पुस्तकांच्या कडा बोटांनी काळ्या झाल्या होत्या. ते जाड पुस्तक मात्र कडेनं दुधासारखं पांढरं होतं. जुनी पुस्तकं विकणाऱ्याला कडा वाचता येतात. ते पुस्तक कुणी वाचलंच नव्हतं. काकूंनी बोट ओलं करून त्याच्या पांढऱ्या मुखपृष्ठावर हळदकुंकू लावलं. कुंकू कागदात मुरलं, पसरलं. माझ्या हातून काढून पुसलेलं पुस्तक ते हेच.

दसरा झाला आणि मी हैदराबादची गाडी धरली. बरोबर जुन्या गाईडांचा गठ्ठा घेतला. तिथं फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागतात, माझं धंद्यातलं येणंजाणं होतं. एका म्हाताऱ्या चाचाकडं मी दोन नावं सांगितली. एक सर ज्यातून वह्या लिहून द्यायचे त्याचं, काळ्या कडांचं. दुसरं कुंकवाचं. चाचांनी ढिगातून दोन्ही उपसून काढली. मी लगेच भावाला सुरुवात केली.

चाचांनी हात वर केला. "पैले खोल के देख, मियाँ. समझ में आया तो भाव कर. नै आया तो मुफत में बी महंगी."

मग मी फुटपाथवर मांडी घालून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून पुस्तक पाहिलं. काळ्या कडांचं पाहिलं, त्यात सगळं सुरुवातीचं. सर ज्याला पुढचं म्हणून विकायचे ते पहिलीचं पुस्तक निघालं. मग दुसरं उघडलं. प्रोग्राम अर्धा छापलाय का पूर्ण, ते बघितलं. चूक झाली तर मशीन काय म्हणेल आणि का म्हणेल, हे सांगितलंय का, ते बघितलं. मागं शब्दांची सूची आहे का, सवाल आहेत का, सवाल नुसते पाठांतराचे आहेत का हाताला काम लावणारे आहेत, ते बघितलं. मग चौकोनांचं पान काढलं आणि वाचलं. इंग्रजी अवघड होतं, पण वाक्यं लहान होती. लिहिणारानं कुठंही असं धरलं नव्हतं की वाचणारा कुणाचा तरी मुलगा आहे, कुणाचा तरी भाचा आहे. त्यानं धरलं होतं की वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही, आणि सांगितलं तर कळेल.

मला कुणी असं कधीच धरलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी मोठमोठ्यानं भाव करायला लागलो. गठ्ठा घ्या, वरून हे घ्या, ते घेत नाही. चाचा हसायला लागले.

"परभणी के हो क्या? तभीच इत्ता झगड रै."

येताना गाडीत पोरांचं एक टोळकं चढलं. नामांतराच्या विरोधात घोषणा देत होती. डब्यात फिरून एकेकाला विचारत होती, कुठले, आडनाव काय. माझ्या तोंडात माती आली. माझ्यापर्यंत येऊन एकानं मांडीवरचं पुस्तक उचललं, चाळलं. चौकोन आणि बाण पाहिले, काही कळलं नाही. तेवढ्यात स्टेशन आलं, पुढच्या डब्यात कुणीतरी त्याला हाक मारली. पुस्तक माझ्या मांडीवर टाकून तो गेला. पिंगळी येईपर्यंत मी हललो नाही. उतरलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता.

मी वाचायला बसलो. शब्दकोश शेजारी. मायला म्हणालो, चिंचोके दे. जमिनीवर खडूनं चौकोन काढायचे, चिंचोका ह्या चौकोनातून त्या चौकोनात न्यायचा. प्रोग्राम हातानं चालवायचा. माय म्हणायची, एवढा बाप्या झाला आन् चिंचोक्यानं खेळायलाय.

दिवाळी जवळ आली तसा एक दिवस मी ते पुस्तक क्लासात नेलं. फरशी पुसून झाली की माझा तास होता. पुसताना आतल्या खोलीत नजर गेली. झोपाळ्यावर सरांचा भाचा बसला होता आणि मांडीवर ते कुंकू लागलेलं पुस्तक होतं. काकूंनीच त्याला चहाबरोबर नेऊन दिलं होतं.

मी मशीनसमोर बसलो. साखळीचा प्रोग्राम टाइप केला, पुस्तकातला नाही, पुस्तकावरून मी स्वतः लिहिलेला. दोनदा चुकला. मशीननं काय म्हटलं ते वाचलं, पुस्तकात बघितलं, दुरुस्त केला. तिसऱ्यांदा चालला. हिरव्या अक्षरांत एकाखाली एक नावं आली. मी आमच्या जुन्या वस्तीतल्या माणसांची नावं घातली होती. हरवलेल्यांची.

मी ती वाचत होतो तेव्हा सर मागं येऊन उभे राहिले.

"हे पुस्तक तुझ्याकडं कसं?"

"माझं हाय सर."

"तुझं?" ते कपाटाकडं गेले. त्या जागी फट होती. त्यांनी फटीत हात घालून पाहिला. मग वळले. "अख्ख्या परभणीत हे एकच आहे आणि ते माझं आहे."

ते खरंच तसं समजत होते. ते मी आजही मान्य करतो. भाच्याकडं पुस्तक आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. पण विचारलंही नाही. फट दिसली, मी दिसलो, त्यांचं जुळलं.

त्यांनी माझ्या सदऱ्याची कॉलर धरली आणि दारात आणलं. चोर, चोर, असं दोनदा म्हणाले. पुरेसं होतं. समोरच्या पानठेल्यावर माणसं असायची. त्या ठेल्याशेजारच्या भिंतीवर नामांतराविरुद्ध मोठमोठी अक्षरं रंगवलेली होती. माणसं आली. कुणीतरी विचारलं, कुठला हाय. कुणीतरी सांगितलं, पिंगळीच्या वस्तीतला. त्या उत्तरानंतर आवाज बदलला. तो बदल मी ओळखतो. लहानपणी जमिनीला कान लावून ऐकला होता.

मला माझी भीती नव्हती, असं मी लिहिणार नाही. माझी होतीच. पण जास्त भीती मायची होती. ही माणसं इथून निघून पिंगळीला गेली तर? आमच्या गावातही असंच काहीतरी लहान सुरू झालं होतं. माती तोंडात आली ती गिळता येईना.

आतल्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"काकू, तुमचं पुस्तक आत झोपाळ्यावर हाय. त्याला तुमच्या हातचं कुंकू हाय. ते घेऊन या. माझं बघा, ह्याला काही न्हाई."

काकूंचा चेहरा उतरला. त्यांना आठवलं. सरांनी त्यांचा चेहरा पाहिला, आणि त्या क्षणी सरांनाही कळलं. माझ्या कॉलरवरची त्यांची मूठ सैल झाली. मी वाट पाहत होतो. आता हे बोलतील. आता हसून म्हणतील, अरे चूक झाली.

"तू आत जा," सर काकूंना म्हणाले.

काकू आत गेल्या. मला अजून आशा होती की त्या पुस्तक घेऊन येतील. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

सरांनी मला कोपऱ्यात ओढलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. "हे बघ. लोक जमलेत, दिवस कसले आहेत तुला माहीत आहे. पुस्तक इथं ठेव. चुकून नेलं होतं एवढं म्हण. मी ह्यांना आवरतो. उद्यापासून मशीनवर तुला दोन तास."

मी सौदेबाज माणूस. आयुष्यभर हेच केलं. थोडं सोडायचं, थोडं घ्यायचं, जिवंत घरी जायचं. आणि हा सौदा वाईट नव्हता. चौकोनांचं प्रकरण मी लिहून काढलं होतं. दोन तास मिळत होते. मायचा जीव वाचत होता. माझं तोंड होकारासाठी उघडलंही. आणि मला जाणवलं की मी हसायच्या बेतात आहे. त्या रुमालाच्या दिवशी हसलो होतो तसंच.

तेव्हा मला माझे सगळे सौदे दिसले. फरशी पुसून मिळवलेला तास. डब्यात गप्प बसून वाचवलेलं पुस्तक. मी त्याला हुशारी म्हणत होतो. ती ज्वारीत मातीला तोंड लावून पडणंच होतं. इतक्या वर्षांनीसुद्धा मी उठलोच नव्हतो.

"न्हाई," मी म्हणालो.

माझा आवाज फाटला. मी परत म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"न्हाई सर. ह्याचा सौदा न्हाई. मी चोर असंल तर चला ठाण्यात. तुमचं पुस्तक घ्या, माझं मी घेतो. दोन्ही तिथं टेबलावर ठिवू."

मी पुस्तक छातीशी धरलं आणि चालायला लागलो. कुणीतरी सदरा ओढला, तो बाहीपासून फाटला. माझ्या चपला गटारात पडलेल्या होत्या. मी वाकलो नाही. वाकलो असतो तर पाठीत बसली असती. अनवाणीच निघालो.

खरंच ठाण्याकडं गेलो. पण आत जायची छाती झाली नाही. तिथं तरी माझं कोण ऐकणार होतं? मी कोपऱ्यावर उभा राहिलो, उन्हात, पुस्तक घेऊन. ऊन उतरेपर्यंत उभा होतो. सर आले नाहीत. कुणीच आलं नाही. मग मी पॅसेंजर धरली.

माय दारात होती. फाटलेला सदरा पाहिला, अनवाणी पाय पाहिले. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, म्हणेल कामून गेलास तिथं. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाला लावून वास घेतला.

"जळलं न्हाई नव्हं?"

"न्हाई."

"मग वाच."

जिनिंगची नोकरी सरांच्या भाच्याला लागली. परीक्षेला मला बसूच दिलं नाही, चोरीची गोष्ट तिथं आधीच पोचली होती. सरांनी ती कधी खोडून काढली नाही. काकूंनीही नाही. मी जमिनीवर चिंचोके मांडून पुस्तक संपवलं, मग दुसरं आणलं, मग तिसरं. मशीन फार उशिरा मिळालं, तेही दुसऱ्या गावात. तोपर्यंत मी साखळ्या हातानं इतक्या चालवल्या होत्या की मशीनला माझ्याशी भांडायला काही उरलं नव्हतं.

विद्यापीठाला यंदा नाव मिळालं. जुन्या नावाला जोडून मिळालं. तोही एक सौदाच. ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी आमच्या वस्तीत आनंद होता आणि दारं बंद होती. माय उंबऱ्यावर बसून रस्त्याकडं बघत होती.

स्टेशनसमोर आता माझं पोतं नाही, पत्र्याचं दुकान आहे. लांबून पोरं येतात. भाऊ, पुढचं प्रोग्रॅमिंग शिकायला कोणतं पुस्तक चांगलं, म्हणून विचारतात. कुणाच्या सरांनी सांगितलं तेच पाहिजे म्हणाली की माझं डोकं फिरतं. मी त्यांना बाकावर बसवतो. उघडून बघा म्हणतो. कळलं तर भाव करू.

परवा सर आले. केस पिकलेत. झालं गेलं विसरून जा म्हणाले. त्या पुस्तकाची नवी आवृत्ती हवी होती, क्लासासाठी. मी काढून दिली. त्यांनी ती हातात घेतली, पुसली नाही.

"ह्याला खाकी कव्हर घालून दे."

"इथं कव्हर घालत न्हाई."

सर पुस्तक फळीवर ठेवून गेले. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत माझ्या तोंडात माती होती. भीती गेलेली नाही. जाईल असं मला वाटत नाही. आणि मी काही विसरणार नाही.

संध्याकाळी मी दुकानाबाहेर काळी पाटी टांगली. तिच्यावर खडूनं पुस्तकांची नावं लिहिली, सगळी, रस्त्यापलीकडून वाचता येतील एवढी मोठी. शेजारचा म्हणाला, कामून असली खाज करायलास, पाटी फोडतील.

फोडू देत. मला सगळी नावं पाठ आहेत.